फितीची साक्ष : करवीरच्या कलावंतसंचाची स्थित्यंतरे

कलावंतांची एखादी मंडळी पंचवीस-तीस वर्षे एकाच नावाने नांदली, म्हणजे ती अथपासून इतिपर्यंत एकच होती असे मानण्याची सवय आपल्या इतिहासलेखनाला जडलेली आहे. पाटीवरचे नाव तेच राहते, बोधचिन्ह तेच राहते, जाहिरातींतील अक्षरांचे वळणही बहुधा तेच राहते. परंतु आत कोणी भागीदारी सोडून निघून गेलेला असतो, कोणी मृत्यू पावलेला असतो, कोणाच्या जागी त्याच्याच हाताखालचा उमेदवार रुजू झालेला असतो, आणि अशा प्रत्येक फेरबदलासरशी त्या मंडळीच्या कलेची प्रकृती पालटत गेलेली असते. इंग्लंडात १९६९ साली लोकांपुढे आलेल्या 'किंग क्रिम्सन' या रॉक वाद्यवृंदात गिटारवादक रॉबर्ट फ्रिप याच्यावाचून दुसरा कोणीही आरंभापासून अखेरपर्यंत टिकला नाही. म्हणून त्याचे रसिक त्याच्या जलशांच्या जुन्या चित्रफिती सालवार लावून पाहतात, आणि कोणत्या साली कोण वाजवीत होता यावरून त्या संगीताचे कालखंड पाडतात. हीच दृष्टी आपल्या घरच्या इतिहासाला लावावयाची झाली, तर तिला कोल्हापूरइतके सुपीक क्षेत्र महाराष्ट्रात दुसरे सापडणार नाही. कारण या एका संस्थानी शहरात नाटकमंडळीतून चित्रपटकंपनी, एका चित्रपटकंपनीतून दुसरी, आणि दुसरीतून तिसरी व चौथी अशी कलावंतसंचांची जी वंशवेल पसरली, तिच्या काही शाखा फितीवर उमटून आजपर्यंत टिकलेल्या आहेत.

या इतिहासाची लेखी साधने विपुल आहेत. गोविंदराव टेंबे यांचा 'माझा जीवनविहार', बाबूराव पेंढारकरांचे 'चित्र आणि चरित्र', शांताराम आठवले यांचा 'प्रभातकाल', दुर्गाबाई खोटे यांचे 'मी, दुर्गा खोटे' आणि व्ही. शांताराम यांचे 'शांतारामा' ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर एकाच कारखान्यात वावरलेल्या माणसांना तोच काळ किती निरनिराळा दिसला हे ध्यानात येते. प्रत्येकाने आपली कैफियत मनापासून मांडली आहे. परंतु कैफियत ही अखेर एका पक्षाची असते, आणि ज्यांनी ती लिहिलीच नाही त्यांचा पक्ष इतिहासात मागे पडतो. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल या दोन अबोल चित्रपटकारांच्या बाबतीत नेमके हेच घडले. अशा वेळी निर्णय देण्यास उरतो तो एकच साक्षीदार, आणि तो म्हणजे चित्रफीत; तिच्या श्रेयनामावलीत कोणाचे नाव आहे, कॅमेरा कोणाच्या हाती आहे, गाणे कोणत्या वळणाने चालले आहे, हे ती कोणाचीही भीड न धरता सांगते.

या साऱ्याचा उगम शाहू महाराजांच्या कारकीर्दीत आहे. मल्ल, गवई, चित्रकार आणि नट यांना त्या दरबारात जो आश्रय लाभला, त्यामुळे कोल्हापूर हे कलावंतांच्या मुक्कामाचे गाव राहिले नाही. ते त्यांच्या वस्तीचे गाव झाले. उस्ताद अल्लादियाखाँ यांनी आपली जयपूर-अत्रौलीची गायकी याच शहरात रुजविली. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, हा कोवळ्या वयाचा गायक किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला, त्यामागेही महाराजांचीच गुणग्राहकता होती. खासबाग मैदानाच्या शेजारी महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर १९१५ साली खुले झाले. याच नगरीत १८९० साली जन्मलेल्या केशवराव भोसले यांनी १९०८ साली 'ललितकलादर्श' मंडळी काढली. आणि कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे गोविंदराव टेंबे यांनी १९११ साली किर्लोस्कर मंडळीच्या 'मानापमान' नाटकाला चाली देऊन मराठी रंगभूमीचे संगीतच नव्या वळणावर नेले. १९१३ साली बालगंधर्व, गणेशपंत बोडस आणि टेंबे या तिघांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून 'गंधर्व नाटक मंडळी' स्थापली. थोड्याच वर्षांत टेंबे तिच्यातूनही निघाले आणि त्यांनी 'शिवराज' मंडळी उभी केली. जुलै १९२१ मध्ये मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी जो 'संयुक्त मानापमान' झाला, त्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी झाले. दोन प्रतिस्पर्धी संच एका रंगमंचावर एक झाले, आणि त्याच वर्षीच्या ४ ऑक्टोबरला केशवराव वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी निवर्तले. मराठी रंगभूमीच्या या सर्वांत गाजलेल्या संचाचे चलच्चित्र कोणी घेतले नाही. प्रेक्षकांच्या आठवणींखेरीज त्या रात्रीचे दुसरे दप्तर आपल्यापाशी नाही.

या नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणाऱ्या चित्रकारांत आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे नात्यातील भाऊ अग्रगण्य होते. दोघेही 'पेंटर' याच नावाने ओळखले जात. पडद्यावर राजवाड्याची खोली आणि उद्यानाची लांबी भासविण्याची विद्या त्यांच्या बोटांत होती, आणि दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' पाहिल्यावर रंगविलेल्या पडद्यापुढे हालणारी चित्रे उभी करावी या ध्यासाने त्यांना झपाटले. आनंदराव १९१६ साली अकाली वारले. म्हणजे संच पुरता जमण्यापूर्वीच त्यातील पहिली जागा रिकामी झाली. बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने आपल्या हातांनी कॅमेरा घडविला, तानीबाई कागलकर या अल्लादियाखाँच्या शिष्येने द्रव्यसाहाय्य केले, आणि 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' सुरू झाली. एका गायिकेच्या मिळकतीतून महाराष्ट्राच्या चित्रपटकलेला चालना मिळाली, ही गोष्ट तानीबाईंचे नाव घेऊन ठळकपणे सांगण्याजोगी आहे.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. कीचकवधाच्या दृश्याची भीषणता प्रेक्षकांना इतकी खरी वाटली की सरकारी अधिकाऱ्यांना त्यात हात घालावा लागला. आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमाकेसरी' ही पदवी देऊन गौरविले. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये कृत्रिम प्रकाशाचा प्रयोग झाला. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये नारायण हरि आपटे यांच्या कथेच्या आधाराने कर्जात बुडालेला शेतकरी प्रथमच पडद्यावर आला, आणि त्या शेतकऱ्याची भूमिका कंपनीत पडेल ते काम करीत वाढलेल्या शांताराम वणकुद्रे या तरुणाने केली. दामले यंत्रे आणि कॅमेरा सांभाळीत, फत्तेलाल रंग आणि देखावे सांभाळीत, केशवराव धायबर छायाचित्रणात मुरत होते, आणि शांताराम हे सर्व पाहून दिग्दर्शनाची उमेदवारी करीत होते. पुढे ज्यांची नावे स्वतंत्रपणे दुमदुमली ते चौघेही या काळी एकाच गुरूच्या हाताखाली एका पंगतीला बसलेले होते.

दुर्दैव असे की या पंगतीचे प्रत्यक्ष दर्शन आपल्याला जवळजवळ दुर्लभ झाले आहे. भारतात सुमारे तेराशे मूकपट निर्माण झाले असे मानतात. त्यांतले संपूर्ण वा तुकड्यांच्या रूपाने शिल्लक असलेले चित्रपट अगदीच थोडे आहेत, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या वाट्याला तर केवळ तुकडेच आले. 'सैरंध्री' गेला, मूळ 'सावकारी पाश' गेला. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती उष्म्याने कुजे, चिकट होई, आणि ठिणगी पडल्यास पाण्यालाही न जुमानता जळे. शिवाय फितीवरच्या लेपात चांदी असल्याने, प्रदर्शनाचे उत्पन्न थांबल्यावर ती मोडीत काढणे हाच व्यापारी व्यवहार ठरला. बाबूराव पेंटरांच्या प्रतिभेचे मूल्यमापन म्हणून आपण आज त्यांच्या शिष्यांच्या चित्रपटांवरून अनुमानाने करतो. मूळ ग्रंथ हरवल्यावर टीकेतून मूळ ताडावे, तशी ही अवस्था आहे.

१९२९ साली हा संच फुटला. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघे बाहेर पडले, कोल्हापूरचे सराफ सीताराम कुलकर्णी यांनी भांडवल उभे केले, आणि १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच 'प्रभात फिल्म कंपनी'चा जन्म झाला. हे नाव बाबूराव पेंढारकरांनी सुचविले. गुरूची कंपनी त्यानंतर फार काळ तग धरू शकली नाही, ही या घटनेची दुःखद बाजू होय. तथापि शिष्यांनी सोबत जे नेले ते गुरूचेच होते. प्रभातने 'गोपालकृष्ण'पासून आरंभ करून सहा मूकपट काढले. त्यांतील १९३० च्या 'उदयकाल'चे मूळ नाव 'स्वराज्याचे तोरण' असे होते; त्यातील 'स्वराज्य' हा शब्द सेन्सॉरला खटकला आणि नाव पालटावे लागले. त्या चित्रपटात शिवाजी महाराजांची भूमिका शांतारामांनी स्वतः केली, आणि त्याच वर्षीच्या 'खूनी खंजर'मध्ये वसंत देसाई नावाचा एक होतकरू मुलगा किरकोळ भूमिकेत दिसला. पुढे बारा-तेरा वर्षांनी याच मुलामुळे या कथेतील एक महत्त्वाचा दुवा जोडला जावयाचा होता.

१९३१ साली 'आलम आरा'ने भारतीय चित्रपटाला वाचा दिली. त्या चित्रपटाची फीत आज उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३२ मध्ये प्रदर्शित झालेला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मात्र आपल्याला पाहता येतो, आणि म्हणून कोल्हापूरच्या संचाचे पहिले सजीव व सस्वर दर्शन घडते ते याच चित्रपटात. हरिश्चंद्राच्या भूमिकेत स्वतः गोविंदराव टेंबे आहेत, आणि संगीतही त्यांचेच आहे. तारामती दुर्गाबाई खोटे, गंगानाथ बाबूराव पेंढारकर, नारद मास्टर विनायक. छायाचित्रण धायबरांचे, ध्वनिलेखन दामल्यांचे, देखावे फत्तेलालांचे, दिग्दर्शन शांतारामांचे. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही आवृत्त्या निघाल्या, म्हणजे तेच प्रसंग दोन भाषांत दोनदा उभे करावे लागले.

या फितीकडे जरा निरखून पाहावे. उसन्या आवाजाची प्रथा त्या वेळी अस्तित्वात नव्हती; नट कॅमेऱ्यापुढे ज्या क्षणी गात असे त्याच क्षणी ते गाणे यंत्रात उतरत असे, आणि साथीचे वादक ध्वनिग्राहकाला ऐकू येतील इतके जवळ, परंतु कॅमेऱ्याला दिसणार नाहीत इतके दूर बसविलेले असत. यामुळे गाताना पात्रांच्या हालचालींना एक विलक्षण मर्यादा येते. ती उभी राहतात तेथेच राहतात, मान फार वळवीत नाहीत, आणि सारा भाव मुखावर व स्वरावर येऊन ठेपतो. पन्नाशीला टेकलेले टेंबे जेव्हा गातात, तेव्हा 'मानापमान'च्या काळच्या संगीत रंगभूमीची ठेवण, शब्द टाकण्याची पद्धत, तान घेण्यापूर्वीचा तो किंचित थांबा, हे सर्व आपण डोळ्यांनी पाहतो. ज्या नाटकमंडळ्यांचे एकही चलच्चित्र निघाले नाही, त्यांच्या गायनाचा एक जिवंत नमुना या चित्रपटाच्या पोटात अशा रीतीने सुरक्षित राहिला आहे. त्यांच्यामागचे भव्य खांब आणि कमानी पाहिल्या, की पॅलेस थिएटरच्या काळातील रंगविलेला पडदा येथे लाकूड व गिलाव्याच्या रूपाने उभा राहिला आहे हे सहज ओळखू येते.

१९३३ साली प्रभातने कोल्हापूर सोडून पुण्यास प्रयाण केले. हे केवळ स्थलांतर नव्हते. ती संचाची दुसरी फाळणी होती. टेंब्यांचे संगीत 'अग्निकंकण', 'मायामच्छिंद्र', 'सिंहगड' आणि 'सैरंध्री' या चित्रपटांपर्यंत चालले आणि पुण्यास ते थांबले. बाबूराव पेंढारकर आणि विनायक कोल्हापूरच्या वाटेलाच राहिले. राजाराम महाराजांच्या आश्रयाने निघालेल्या 'कोल्हापूर सिनेटोन'मध्ये ते भालजी पेंढारकरांसह दाखल झाले, आणि १९३६ साली त्यांनी छायालेखक पांडुरंग नाईक यांना घेऊन 'हंस पिक्चर्स' काढली, तिने 'छाया' आणि 'ब्रह्मचारी' हे सामाजिक चित्रपट देऊन खांडेकर व अत्रे यांच्या लेखणीला पडद्यावर आणले. बाबूराव पेंटरांनी 'शालिनी सिनेटोन'मध्ये आपला 'सावकारी पाश' १९३६ साली बोलपट म्हणून पुन्हा घडविला. तात्पर्य, एका मूळ संचाचे तीन-चार संच होऊन ते एकाच वेळी दोन शहरांत काम करू लागले.

पुण्यास प्रभातमध्ये टेंब्यांच्या जागी केशवराव भोळे आले. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाला संगीत देऊन त्यांनी नाट्यगीताला मोजक्या वेळात, मोजक्या सुरांत, प्रसंगाच्या आतून बोलावयास शिकविले होते. १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये ही शिस्त पडद्यावर आली. 'अयोध्येचा राजा' आणि 'अमृतमंथन' हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिल्यास मधल्या दोन वर्षांत किती अंतर कापले गेले हे कोणत्याही ग्रंथाच्या मदतीवाचून कळते. कॅमेरा धायबरांचाच आहे, परंतु तो आता नाटकगृहातील प्रेक्षकाच्या जागेवरून उठला आहे. राजगुरूच्या एका डोळ्याने संपूर्ण पडदा व्यापावा इतका तो जवळ जातो. हा राजगुरू मराठीत केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन यांनी केला. मधल्या काळात शांताराम 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीस जाऊन आले होते. तो रंगांचा प्रयोग फसला, पण तेथे पाहिलेल्या छायाप्रकाशाच्या कलेचे संस्कार या चित्रपटात स्पष्ट दिसतात.

१९३५ साली या संचात बालगंधर्वांनी प्रवेश केला. 'धर्मात्मा' या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. याचेही मूळ नाव 'महात्मा' होते आणि तेही सेन्सॉरच्या आक्षेपामुळे पालटावे लागले. तीस वर्षे ज्या नटाने स्त्रीरूपाने महाराष्ट्राला वेड लावले तो पुरुषवेशात पडद्यावर आला, आणि प्रेक्षकांना त्यात आपले गंधर्व सापडले नाहीत. प्रभातशी त्यांचे नाते या एकाच चित्रपटापुरते राहिले. पुढे १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'मध्ये त्यांना स्त्रीवेशात कॅमेऱ्यापुढे उभे केले ते, विशेष म्हणजे, बाबूराव पेंटरांनी. तथापि 'धर्मात्मा'ने प्रभातला एक चिरस्थायी लाभ दिला. गंधर्व मंडळीचे संगीतकार मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर त्या निमित्ताने आले आणि राहिले. 'अमरज्योती', 'माणूस' व 'शेजारी' यांच्या चाली त्यांच्याच. भास्करबुवा बखल्यांच्या या शिष्याने 'माणूस'मध्ये एकाच गाण्यात अनेक प्रांतांच्या भाषा व चाली गुंफल्या आणि ते शांता हुबळीकरांच्या मुखी दिले, तेव्हा नाटकी बैठकीचे संगीत शहरी वस्तीच्या माडीवर सहज जाऊन बसले.

धायबर याच सुमारास प्रभात सोडून गेले. पाच भागीदारांपैकी गेलेला हा पहिला. यानंतरच्या चित्रपटांत छायाचित्रकार म्हणून व्ही. अवधूत यांचे नाव दिसते, आणि दिग्दर्शनाच्या दोन धारा उघडपणे वेगळ्या होतात : एकीकडे दामले-फत्तेलाल, दुसरीकडे शांताराम. १९३६ चा 'संत तुकाराम' आणि १९३७ चा 'कुंकू' हे दोन चित्रपट या दृष्टीने जोडीने पाहावयास हवेत. कारण कारखाना तोच, कॅमेरा अवधूतांचाच, संगीत भोळ्यांचेच, आणि तरीही या दोन कृतींचे अंतःकरण सर्वस्वी भिन्न आहे.

'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले नट तुकोबा झाले, आणि जिजाईच्या भूमिकेसाठी प्रभातमध्येच किरकोळ कामे करणारी गौरी निवडली गेली. तिच्या रागात जो रोकडेपणा आहे तो नाट्यशिक्षणाने येणारा नव्हे. या चित्रपटातील एक संगीतयोजना मराठी संगीताच्या अभ्यासकाने वारंवार ऐकावी अशी आहे. सालोमालो तुकोबांचे अभंग चोरून आपल्या नावावर खपवितो, आणि ते गाताना हरकती-मुरक्यांनी शब्द बुजवून टाकतो. तोच शब्द तुकोबांच्या मुखी आला म्हणजे साधा, सरळ आणि चालत्या माणसाच्या श्वासाइतका मोजका होतो. भोळ्यांनी येथे एक टीकाग्रंथच स्वरांत लिहिला आहे. पूर्वीच्या रंगभूमीची गायकी कोठे शोभते आणि कोठे ती अर्थाला मारते, हा निवाडा त्यांनी खलनायक व संत यांच्या गळ्यांतून दिला. चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग तर इतका बेमालूम उतरला की पुष्कळांनी तो गाथेतलाच मानला. मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा सन्मान झाला.

'कुंकू'मध्ये भोळ्यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले, आणि ते पाऊल होते मौनाचे. नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेल्या या कथेत, वृद्ध वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा ते लग्न मनाने मान्य करीत नाही. आणि या सबंध चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, दाराची कडी, रस्त्यावरचा गलका, ग्रामोफोनची तबकडी, इतकेच काय ते नाद त्या घरात आहेत. शांता आपटे त्यात लाँगफेलोची इंग्रजी कवितासुद्धा गातात. 'सावकारी पाश'चे आपटे येथे पुन्हा आले, यावरून कोल्हापूरच्या जुन्या गुरुगृहाची सामाजिक दृष्टी पुण्यात शांतारामांच्या धारेत वाहत राहिली, आणि भक्तीची व यंत्रकौशल्याची धारा दामले-फत्तेलालांकडे राहिली, असे म्हणण्यास आधार मिळतो. बाबूराव पेंटरांत ही दोन्ही अंगे एकत्र नांदत होती.

या दोन धारांनी 'माणूस', 'संत ज्ञानेश्वर' आणि 'शेजारी' असे चित्रपट आणखी चार-पाच वर्षे दिले. १९४२ साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. त्यांनी मुंबईस 'राजकमल कलामंदिर' स्थापिले आणि १९४३ साली 'शकुंतला' काढला. त्याचा संगीतकार होता 'खूनी खंजर'मधला तो मुलगा, वसंत देसाई. प्रभातने १९४४ साली 'रामशास्त्री' दिला. त्याच्या दिग्दर्शनाच्या श्रेयात गजानन जागीरदार, राजा नेने आणि विश्राम बेडेकर अशी तीन नावे आहेत, आणि एका जागी तीन नावे यावीत यातच संचाची विस्कटलेली घडी दिसते. तरीही तो चित्रपट सत्त्वशील आहे. लेखक शिवराम वाशीकर, ज्यांनी 'संत तुकाराम' लिहिला तेच, येथेही आहेत, आणि न्यायनिष्ठेची ती करारी मूर्ती त्यांच्या लेखणीने सांभाळली आहे. ५ जुलै १९४५ रोजी विष्णुपंत दामले निवर्तले. १९४६ च्या 'गोकुळ'ला संगीत दिले ते कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडके या तरुणाने. टेंब्यांपासून फडक्यांपर्यंत प्रभातच्या संगीताचा आरंभ आणि उत्तरकाल असा एकाच परिसराच्या सुपुत्रांनी बांधलेला आहे. पुढे काही वर्षांत कंपनी बरखास्त झाली, आणि तिच्या पुण्याच्या आवारात १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट उघडली.

फितींच्या नशिबी मात्र अग्नी लिहिलेला होता. ३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतरच्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. भालजींनी तो धीराने पुन्हा उभा केला. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, मालकांची मनधरणी करून, हाती लागेल ती फीत जमा केली. आज आपण प्रभातचे चित्रपट पाहू शकतो, त्यात त्यांचा आणि आपल्या वडिलांचा वारसा जपणाऱ्या दामले कुटुंबाचा वाटा मोठा आहे. तरीही ८ जानेवारी २००३ रोजी जुन्या प्रभातच्याच आवारातील नायट्रेटच्या कोठारास आग लागली आणि असंख्य मूळ फिती भस्मसात झाल्या. बऱ्याच चित्रपटांच्या प्रती सुरक्षित फितीवर आधीच उतरविलेल्या होत्या म्हणून सर्वनाश टळला. परंतु मूळ फितीची स्पष्टता प्रतीत उतरत नाही, हे जाणकारांना सांगावयास नको. ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, त्यांचेच नाव धारण करणारे जुने पॅलेस थिएटर आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. त्या रात्री जे कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले, त्यांचे दुःख केवळ एका वास्तूसाठी नव्हते.

कोल्हापूरने बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याचे स्मारक उभारले आहे, आणि त्याचा अभिमान प्रत्येक कोल्हापूरकरास आहे. त्या अभिमानाला आता अभ्यासाची जोड मिळाली पाहिजे. शाळा-महाविद्यालयांनी, चित्रपटमंडळांनी आणि विद्यापीठाने 'अयोध्येचा राजा', 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू' आणि 'रामशास्त्री' हे पाच चित्रपट याच क्रमाने, लागोपाठच्या आठवड्यांत, श्रेयनामावलीचे एकही अक्षर न गाळता दाखवावेत. पहिल्यात टेंबे आहेत आणि दुसऱ्यात नाहीत, दुसऱ्यात धायबर आहेत आणि तिसऱ्यात नाहीत, चौथ्यात शांताराम आहेत आणि पाचव्यात नाहीत, हे प्रेक्षकांस आधी सांगावे, आणि प्रत्येक वेळी पडद्यावर काय उणे झाले व काय नवे आले याची चर्चा घडवावी. गेलेले मूकपट परत येणार नाहीत. परंतु दामल्यांचा नाद, फत्तेलालांची कमान, धायबरांचा प्रकाश आणि शांतारामांची सामाजिक दृष्टी ही चारही अंगे जर अशा रीतीने वेगवेगळी ओळखता आली, तर ती चारही एकेकाळी ज्या एका पुरुषाने आपल्या हाताखाली वाढविली, त्याच्या कर्तृत्वाचे माप आपल्याला आजच्यापेक्षा पुष्कळ अचूक घेता येईल. आणि ज्या नगरीने त्याला घडविले तिच्यावरचे त्याचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.